सेलमची संग्रहालये आणि देवघेवीची वही

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



समितीने मला या मालेत बोलावयास सांगितले तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. माझ्या आधी या व्यासपीठावर संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, बडोदे संस्थानाच्या इतिहासावर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. मी जन्मभर बँकेत आकडेमोड केली आणि सायंकाळी या वाचनालयाची कार्यवाहकी. इतिहासाचा अभ्यासक मी नव्हे. तथापि समितीच्या चिटणीसांनी मला सोडले नाही. “अमेरिकेत कन्येकडे जाऊन आलात, तेथे काय पाहिलेत ते सांगा,” असे ते म्हणाले. प्रवासवर्णने ऐकून ऐकून आपले कान किटले आहेत हे मी जाणतो. न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि नायगाराचा धबधबा यांतून मी आपली सुटका करणार आहे. बोलणार आहे ते एका लहानशा शहराविषयी, आणि शेवटी एका गोष्टीची कबुली द्यावयाची आहे, म्हणून.

शहराचे नाव सेलम. आपल्याकडे सेलम म्हटले की तामिळनाडूतील पोलादाचे सेलम आठवते. हे सेलम मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या उत्तरेस, आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. वस्ती चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या वडोदऱ्याच्या एखाद्या उपनगराएवढी. माझी कन्या बोस्टनजवळ राहते. तिने मला सकाळी गाडीत बसवून दिले आणि “बाबा, संध्याकाळपर्यंत सगळे पाहून होईल,” असे सांगितले. मी त्या गावी पुढे चार वेळा गेलो आणि तरीही सगळे पाहून झाले नाही.

इंग्रजांची वसाहत तेथे १६२६ साली झाली. मूळ रहिवाशांच्या भाषेत त्या जागेचे नाव नॉमकीग. वसाहतवाल्यांनी हिब्रू भाषेतील शांततावाचक शब्दावरून तिला सेलम म्हटले. ज्या गावाचे नाव शांततेवरून ठेवले, ते जगात गाजले मात्र एका अत्यंत अशांत वर्षामुळे. त्याकडे मी नंतर येतो. कारण सेलमला जाणारा बहुतेक प्रवासी त्या एकाच गोष्टीसाठी जातो, आणि बंदराकडे पाठ फिरवून परततो. मी बंदरापासून सुरुवात करतो.

डर्बी धक्का नावाचा एक दगडमातीचा धक्का दोन हजार फुटांहून अधिक लांब समुद्रात गेलेला आहे. टोकाला १८७१ साली बांधलेले एक बुटके चौकोनी दीपगृह. आज धक्क्यावर हिरवळ आहे, कुत्र्यांना फिरवणारी माणसे आहेत, आणि ‘फ्रेंडशिप’ नावाच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजाची अलीकडे बांधलेली प्रतिकृती तेथील धक्क्याची म्हणून ओळखली जाते. मूळ जहाज १७९७ साली याच गावी बांधले होते. १८१२ च्या युद्धात इंग्रजांनी ते पकडले. १७९० च्या शिरगणतीत सेलम हे अमेरिकेतील सहाव्या क्रमांकाचे शहर होते. वस्ती अवघी आठ हजार, परंतु जहाजे जाऊन पोहोचत होती ती मॉरिशस, सुमात्रा, कँटन, मद्रास, कलकत्ता, मुंबई आणि आपल्या शेजारच्या सुरतेपर्यंत.

सुरतेचे नाव वाचले तेव्हा मी त्या पाटीपुढे थबकलो. डर्बी घराण्याच्या जहाजांनी १७८८ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत अमेरिकेचे निशाण आणले. तेथून परत जाताना जहाजांच्या पोटात कापड असे. त्या काळच्या बिलांतून बाफ्ता, हमहम, गुर्रा अशी नावे आढळतात. बांधणीच्या रुमालाला तिकडे जो शब्द रूढ झाला तो ‘बंडाना’, आणि तो आपल्या ‘बांधणू’चाच अपभ्रंश. अमेरिकेच्या रानावनात गुरे राखणाऱ्या गुराख्याच्या गळ्यातला तो लाल ठिपक्यांचा रुमाल मूळचा आपल्याकडचा आहे, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तेही सेलममध्ये कळले. पुढे १८१६ साली अमेरिकेने परदेशी सुती कापडावर जबर जकात बसवली, तेथील गिरण्या सुरू झाल्या आणि आपले कापड त्या बाजारातून उठले. मँचेस्टरने आपल्या विणकराचे काय केले हे आपण शाळेत शिकलो. या दुसऱ्या दाराची गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

कापडाप्रमाणेच मिरी. सुमात्राच्या किनाऱ्यावरून मिरी भरून आणणाऱ्या सेलमच्या एका पहिल्या गलबताचे नाव होते ‘राजा’. त्या फेरीत गुंतवणुकीवर सातशे टक्के नफा झाला असे सांगतात. बँकेतील माणसास असा आकडा ऐकून झोप येत नाही! १८३९ साली शहराने जी मुद्रा स्वीकारली तिच्यावरही पूर्वेकडील पोशाखातला एक पुरुष आणि मागे येणारे जहाज काढलेले होते, आणि समृद्ध अशा इंडीजच्या शेवटच्या किनाऱ्यापर्यंत आम्ही जातो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य होते. ही मुद्रा ठेवावी की बदलावी यावर अलीकडे त्या गावात बराच वाद झाला. दुसऱ्याच्या देशातील माणूस आपल्या शिक्क्यावर काढणे योग्य काय, हा प्रश्न त्यांना पडला, हेही मला विशेष वाटले.

आणखी एक गंमत सांगतो. अमेरिकेच्या भूमीवर पहिला हत्ती आणला तो सेलमच्या जेकब क्राउनिनशील्ड या कप्तानाने, १७९६ साली, बंगालमधून. साडेचारशे डॉलरांना घेतलेले ते हत्तीचे पिल्लू न्यूयॉर्कात दहा हजारांना विकले गेले. त्या जहाजाची रोजनिशी लिहिणारा अधिकारी होता नॅथॅनिएल हॅथॉर्न. या गृहस्थाचा मुलगा पुढे फार मोठा लेखक झाला. त्याची गाठ आपल्याला थोड्या वेळाने पडणार आहे.

या खलाशांनी १७९९ साली ‘ईस्ट इंडिया मरीन सोसायटी’ नावाची एक संस्था काढली. सभासदत्वाची अट अशी की केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न या भूशिरांपलीकडे ज्याने कप्तान म्हणून वा मालाचा व्यवहार पाहणारा म्हणून प्रवास केला आहे, त्यालाच प्रवेश. संस्थेची उद्दिष्टे तीन : मृत सभासदांच्या कुटुंबीयांस साहाय्य करणे, प्रत्येकाने आपल्या सफरीची नोंदवही संस्थेस देणे, आणि जगभरातून चमत्कारिक वस्तू आणून संग्रहालय चालवणे. विधवांना मदत, वह्यांचे जतन आणि संग्रहालय ही तिन्ही कामे एकाच घटनेत, एकाच दमात लिहिलेली आहेत. आपल्या जुन्या मराठी संस्थांच्या घटना ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना यातील आपलेपणा लगेच जाणवेल. संस्थेच्या वार्षिक दिवशी हे कप्तान गावातून मिरवणूक काढीत आणि मिरवणुकीत चक्क हिंदुस्थानातून आणलेली पालखी असे. अर्थात पालखीचे भोई म्हणून हिंदी वेष चढवून उभे केलेले लोक तिथले कृष्णवर्णीय असत, हेही सांगितले पाहिजे.

या संस्थेचे १८२५ सालचे सभागृह आजही उभे आहे. त्याच्या उद्घाटनास राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स आले होते. आज ते पीबॉडी एसेक्स संग्रहालयाचा एक भाग आहे. दोन जुन्या संस्थांच्या एकत्रीकरणातून हे नाव १९९२ साली आले. आपल्या कमाटीबागेतील संग्रहालयात मिसरी ममी, देवमाशाचा सांगाडा आणि युरोपीय चित्रे एका छपराखाली पाहत आपण वाढलो. तेव्हा ‘सगळ्या जगातले सगळे’ ही संग्रहालयाची जुनी कल्पना आपल्याला परकी नाही. फरक इतकाच की आपले संग्रहालय एका द्रष्ट्या राजाने उभे केले, आणि ते खलाशांनी, बोटीतल्या आपापल्या पेटीत जागा करून.

तेथे एका भिंतीवर पगडी घातलेल्या एका पारशी गृहस्थाचे तैलचित्र आहे. मुंबईचे व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे. अमेरिकन कप्तानांचे ते मुंबईतील विश्वासू दलाल होते. चित्र काढले आहे चिनी चित्रकाराने, आणि ते तेथे आले संग्रहाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत. मुंबईचा पारशी, चिनी कुंचला, सेलमची भिंत. कलकत्त्याच्या बंगाली व्यापाऱ्यांचे माणसाएवढे मातीचे पुतळेही संग्रहात आहेत, धोतर-चादर नेसवलेले. ज्या माणसांच्या शब्दावर हजारो मैलांवरचा सौदा होत असे, त्यांचे चेहरे या लोकांना विसरायचे नव्हते. चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ या दांपत्याने जमवलेला आधुनिक भारतीय चित्रकलेचा मोठा संग्रहही या संग्रहालयाकडे आहे. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांची चित्रे त्यात आहेत. शिवाय चीनमधील एक दोनशे वर्षांचे सोळा खोल्यांचे व्यापाऱ्याचे घर वासा-वासा, वीट-वीट सोडवून आणून तेथे पुन्हा उभे केले आहे. ते पाहताना कौतुकही वाटते आणि पोटात थोडे तुटतेही. आपल्या पेठांतून पडणारे वाडे आठवतात. तेही कोणी कुठे नेऊन उभे केले असते तर बरे, की पडले ते बरे, याचा निर्णय माझ्याने झाला नाही.

आता ते अशांत वर्ष. १६९२. काही मुलींना झटके येऊ लागले आणि त्यांनी एकेका बाईचे नाव घ्यावयास सुरुवात केली. दीडशेहून अधिक माणसांवर चेटकाचा आरोप झाला. एकोणीस जणांना फाशी दिले गेले, त्यांत चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातील म्हाताऱ्याने न्यायालयापुढे उत्तरच द्यावयाचे नाकारले, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून दोन दिवसांत त्याचा जीव घेण्यात आला. किमान पाच जण तुरुंगात मेले. पुरावा म्हणून ग्राह्य धरला गेला तो असा की, अमक्या बाईची छाया माझ्या स्वप्नात येऊन मला छळते. मुळात आरंभ जिथे झाला ते सेलम खेडे आज डॅन्व्हर्स या वेगळ्या नावाने ओळखले जाते, खटले मात्र चालले सेलम नगरात. कागदपत्रांत टिट्युबा नावाच्या एका गुलाम स्त्रीचा उल्लेख ‘इंडियन’ असा येतो. तो आपल्या अर्थाने नव्हे. तेथील पाट्या वाचताना आपण दचकतो म्हणून सांगितले.

आज हे गाव चेटकिणीवर जगते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पोलिसांच्या मोटारीवर झाडूवर बसलेली चेटकीण. शाळेच्या खेळाडूंच्या संघाचे नाव तेच. एका चौकात दूरदर्शन मालिकेतल्या चेटकिणीचा पुतळा २००५ साली बसवला. ऑक्टोबर महिन्यात तर दहा लाखांहून अधिक लोक लोटतात. मेणाचे पुतळे, काळोख्या गुहा, किंकाळ्यांच्या ध्वनिफिती यांची दुकाने मी पाहिली आणि त्यांतल्या एकात तिकीट काढून फसलोही. एकोणीस निरपराध माणसांच्या मृत्यूवर अशी जत्रा भरावी हे मला खटकले, आणि आजही खटकते. गावाला पैसा मिळतो, त्यातूनच बाकीचे जतन होते, असा युक्तिवाद माझ्या जावयाने केला. तो खोटा नाही. पण डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारल्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत अजून येते. त्या बातम्या वाचणाऱ्याला तो झाडू विनोदी वाटत नाही.

आणि त्याच गावात, त्या दुकानांपासून दोनशे पावलांवर, जुन्या दफनभूमीला लागून एक स्मारक आहे. घटनेस तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९९२ साली, ते बांधले. उद्घाटनास नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल आले होते. तीन बाजूंना दगडी भिंत, आणि भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक. प्रत्येक बाकावर एक नाव, मृत्यूचा प्रकार आणि तारीख. बस्स. आत शिरताना उंबऱ्याच्या दगडांवर आरोपींनी न्यायालयात आपल्या निर्दोषत्वाविषयी काढलेले उद्गार कोरलेले आहेत, आणि ते उद्गार भिंतीखाली जाऊन अर्ध्यावरच तुटतात. म्हणजे ज्याप्रमाणे त्यांचे म्हणणे तेव्हा पुरे ऐकले गेले नाही, त्याप्रमाणे आपल्यालाही ते पुरे वाचता येत नाही. मी तेथे बराच वेळ उभा होतो. बाकांवर कोणी कोणी फूल ठेवलेले होते. फाशी दिले ती नेमकी जागा कोणती यावर मतभेद होते. २०१६ साली अभ्यासकांनी ‘प्रॉक्टर्स लेज’ हा खडक निश्चित केला आणि पुढच्या वर्षी तेथेही लहानसे स्मारक झाले. इतकेच नव्हे, दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव निर्दोष ठरवण्याचे राहून गेले होते. शेजारच्या गावातील आठवीच्या वर्गातल्या मुलांनी आपल्या शिक्षिकेसह पाठपुरावा केला आणि २०२२ साली, म्हणजे तीनशे तीस वर्षांनी, ते काम पुरे झाले.

न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी पाचच वर्षांनी, १६९७ साली, चर्चमध्ये सर्वांसमोर उभे राहून आपला अपराध कबूल केला. जॉन हॅथॉर्न या न्यायाधीशाने मात्र कधीच केला नाही. या हॅथॉर्नचा खापरपणतू म्हणजे कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न, हत्तीच्या जहाजावरील त्या अधिकाऱ्याचा मुलगा. त्याने आपल्या आडनावात एक अक्षर अधिक घातले ते पूर्वजापासून दूर सरकण्यासाठी, असे म्हणतात. १८०४ साली तो सेलममध्येच जन्मला. त्याचे जन्मघर आज मूळ जागी नाही. १९५८ साली ते अखंड उचलून ‘सात गेबल्सच्या घरा’च्या आवारात आणून ठेवले. १६६८ साली बांधलेले ते सात आढ्यांचे काळे घर त्याच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झाले. कॅरोलाइन एमर्टन या बाईंनी १९०८ साली ते विकत घेऊन दुरुस्त केले, आणि तिकिटाचे उत्पन्न गावात नव्याने आलेल्या गरीब परदेशी कुटुंबांच्या शिक्षणाकडे लावले. वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत शिवणवर्ग चालवणाऱ्या आपल्या जुन्या महिला मंडळाची मला तेथे आठवण झाली.

बंदरासमोरच्या जकात कचेरीत हॉथॉर्न १८४६ ते १८४९ या काळात नोकरीस होता. राजकीय पालट झाला, नोकरी गेली, आणि पुढच्याच वर्षी ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी आली. कचेरीतील त्याचे टेबल, जहाजी मालावर मारावयाचा त्याच्या नावाचा शिक्का, हे सारे मी पाहिले. हे बंदर, ही कचेरी, आसपासची घरे मिळून १९३८ साली अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले. जकात कचेरीतल्या कारकुनाने साहित्य लिहावे याचे बँकेतल्या कारकुनास वाटणारे कौतुक आपण समजू शकाल.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे वाचनालयाकडे येतो.

एसेक्स रस्त्यावर ‘सेलम अथेनियम’ नावाचे एक वाचनालय आहे. स्थापना १८१०. वर्गणीवर चालणारे, आपल्यासारखेच. ते दोन जुन्या ग्रंथालयांच्या एकीकरणातून झाले. एक १७६० चे आणि दुसरे १७८१ चे. दुसऱ्याची कथा अशी. रिचर्ड कर्वन नावाच्या आयरिश रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथसंग्रह जहाजातून चालला होता. युद्धाचे दिवस. शत्रूची जहाजे पकडण्याचा परवाना असलेल्या एका अमेरिकन जहाजाने ते पकडले आणि पुस्तके शेजारच्या बेव्हर्ली बंदरात आली. लिलावात गावातील काही पाद्री आणि डॉक्टर मंडळींनी ती विकत घेऊन ग्रंथालय काढले. नंतर त्यांनी कर्वनला किंमत देऊ केली. त्याने ती नाकारली आणि पुस्तके सत्कारणी लागली यातच समाधान मानले, असे सांगतात.

त्या लुटीतल्या पुस्तकांचा वाचक कोण? नॅथॅनिएल बाउडिच. दहाव्या वर्षी शाळा सुटलेला, जहाजी सामानाच्या दुकानात उमेदवारी करणारा गरीब पोरगा. न्यूटन वाचता यावा म्हणून तो आपला आपण लॅटिन शिकला. दोन पाद्र्यांनी शब्द टाकल्यामुळे त्याला या ग्रंथालयातील पुस्तके घरी नेण्याची मुभा मिळाली, आणि ती तो वह्यांमध्ये उतरवून घेत असे. पुढे खलाशी होऊन त्याने जहाजावरील गणिताच्या प्रचलित कोष्टकांतल्या हजारो चुका शोधल्या आणि १८०२ साली नौकानयनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ग्रंथ नव्या नव्या आवृत्त्यांत आजतागायत निघतो आहे. मृत्युपत्रात त्याने या वाचनालयास एक हजार डॉलर ठेवले, लहानपणी मिळालेल्या पुस्तकांची आठवण म्हणून. एका मुलाला पुस्तक घरी नेऊ दिले, एवढेच त्या मंडळींनी केले होते.

हॉथॉर्नही येथलाच वाचक. त्याला स्वतःचा भाग घेणे परवडत नव्हते, म्हणून त्याच्या मावशीच्या नावे असलेल्या भागावर तो पुस्तके नेत असे. हे आज आपल्याला कसे ठाऊक? वाचनालयाची देवघेवीची वही शिल्लक आहे म्हणून. कोणत्या दिवशी कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले याच्या त्या नोंदींवरून मॅरियन केसलरिंग या अभ्यासिकेने १९४९ साली हॉथॉर्नच्या वाचनाची संपूर्ण यादी प्रसिद्ध केली. त्याच्या कादंबऱ्यांची बीजे शोधणारे आजही तिच्याकडे जातात. कोणा कारकुनाने कंटाळत कंटाळत केलेल्या त्या नोंदी!

मी अथेनियममध्ये गेलो तेव्हा टेबलाशी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मी माझी ओळख सांगितली, भारतातील एका शंभरीला आलेल्या वाचनालयाचा जुना कार्यवाह म्हणून. त्यांना फार आनंद झाला. मी त्यांना सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगितली. महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांच्याच भागातील, न्यू हेवनचे विल्यम बॉर्डन यांना १९१० साली बडोद्यास आणले. तीन वर्षे राहून त्यांनी संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके जाऊ लागली. मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरश्या आणि लोखंडी मांडण्या आल्या. त्याच वातावरणात आमचे लहानसे मराठी वाचनालय जन्मले, हेही सांगितले. विवेकानंद शिकागोच्या परिषदेपूर्वी, १८९३ च्या ऑगस्टअखेरीस, याच सेलममध्ये येऊन महिलांच्या एका मंडळापुढे बोलले होते, हे मात्र त्यांनी मला सांगितले.

मग त्यांनी सहज विचारले, “तुमच्या जुन्या देवघेवीच्या वह्या तर फार मोलाच्या असतील. त्या कोणी पाहिल्या आहेत का?”

सभासदहो, मी गप्प बसलो. हीच ती कबुली. १९८७ च्या पावसाळ्यात आपल्या मागच्या खोलीचे छप्पर गळले. कपाटे हलवावी लागली. संस्थापकांच्या काळापासूनच्या देवघेवीच्या वह्या, चाळीसएक असतील, लाल कापडी पाठीच्या, काही ओलसर झाल्या होत्या. कार्यकारी मंडळात विषय निघाला. जागा नाही, उपयोग नाही, वाळवी लागली तर पुस्तकांना धोका. ठराव मीच मांडला. रद्दीवाल्याला मीच बोलावले. त्याने तराजूवर घालून किती दिले ते त्या वर्षीच्या जमाखर्चात ‘किरकोळ जमा’ या सदराखाली माझ्याच अक्षरात आहे. एकशे बारा रुपये. त्या वेळी आपल्याकडे कोण कोण वाचायला येत असे हे आपण आज सांगतो ते ऐकीव. अमुक प्राध्यापक तरुणपणी रोज येत, तमुक कवी इथल्याच बाकावर बसून वाचत. कोणी काय वाचले, कोणत्या बायकांनी नवऱ्याच्या नावावर कोणत्या कादंबऱ्या नेल्या, कोणते पुस्तक सहा महिने परत आले नाही, हे आता कोणालाही कळणार नाही. ही चूक मंडळाची म्हणून नोंदवली गेली आहे. ती माझी आहे.

सेलमचे सगळे गोमटेच आहे असे मी म्हणत नाही. पीबॉडी एसेक्स संग्रहालयाचे फिलिप्स ग्रंथालय, ज्यात गावाची दोन शतकांची कागदपत्रे आहेत, ते शहराबाहेर राउली गावी नेऊन ठेवण्याचा निर्णय २०१७ साली जाहीर झाला. तेव्हा गावकऱ्यांनी सभा घेतल्या, पत्रे लिहिली, भांडण मांडले. ग्रंथालय गेले ते गेलेच. परंतु भांडण झाले! आणि त्याच संग्रहातील चेटूक-खटल्यांचे मूळ कागद, पाचशे सत्तावीस, २०२३ साली राज्याच्या न्यायालयाकडे परत सोपवले गेले. आमच्या ठरावावर एकाही सभासदाने सूचक प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर मला रागच आला असता, हेही खरे.

परत आल्यावर मी घरचे माळे उपसले. सौभाग्यवतींनी विचारले काय शोधता, तर मी सांगितले नाही. माझी समजूत अशी की एखादी वही मी घरी आणली असावी, कारण त्या काळी कोरे कागद टाकून द्यायची आम्हाला सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी सापडली. १९३४-३५ ची. मागची साठ-सत्तर पाने कोरी राहिली होती आणि त्यांवर आमच्या घरचा १९८७ ते १९९१ पर्यंतचा दुधाचा हिशेब आहे, सौभाग्यवतींच्या अक्षरात. पुढच्या पानांवर सभासद क्रमांक, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, आणि सही. ‘हरि नारायण आपटे’ हे नाव पहिल्या दहा पानांत एकवीस वेळा आले आहे. सभासद क्रमांक ४७ ने एकच पुस्तक सहा वेळा नेले आहे, आणि क्रमांक ४७ कोण हे सांगणारी सभासद-वही आपल्याकडे नाही. कोणाच्या घरी जुन्या वर्गणीच्या पावत्या असतील तर कृपया पाहाव्यात. पावतीवर क्रमांक असे.

ती वही मी आज आणली आहे. बाहेर प्रदर्शनात, संस्थापकांच्या तसबिरीखालच्या काचेच्या पेटीत ती ठेवली आहे, आणि ती वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. दुधाच्या हिशेबाची पाने फाडलेली नाहीत. ज्यांना ती चाळावयाची असेल त्यांनी ग्रंथपालांकडून पेटी उघडून घ्यावी. पाने ठिसूळ झाली आहेत, ओले हात लावू नयेत.